व्याह्यांच्या हातावरचे डाग

सरांना नागीण झाली आणि घरातलं त्यांचं एकुलतं एक काम गेलं. काम म्हणजे शाळा सुटली की नातीला हाताला धरून घरी आणायचं.

नात म्हणजे भिंगरी. एका जागी स्वस्थ उभी दिसली तर तिचा ताप बघावा, अशी पोर. सरांचा मुलगा नोकरीपायी दूर, सून दिवसभर कचेरीत, तेव्हा शाळेपासून घरापर्यंतची वाट आजोबा आणि नातीचीच. त्या वाटेवर ती प्रश्न विचारायची आणि सर उत्तरं द्यायचे. सरांनी उभं आयुष्य वैद्यकीय कॉलेजात विषाणू शिकवण्यात घालवलं होतं, पण स्वभाव बुजरा, त्यामुळे सगळं शिकवणं फळ्याकडे तोंड करून. मागे पोरं डबे खातात हे त्यांना वासावरून कळायचं; वळून बघायचा धीर व्हायचा नाही. हात धरून ऐकणारा विद्यार्थी त्यांना निवृत्तीनंतरच मिळाला.

आणि आता उजव्या कुशीपासून पाठीच्या कण्यापर्यंत फोडांचा पट्टा उठला होता. कुणी तापलेली तार अंगाला गुंडाळावी तसा. तपासायला आलेली डॉक्टरीण त्यांचीच विद्यार्थिनी. "सर, तुम्हाला मी काय सांगणार," म्हणाली आणि सगळं सांगून गेली. गोळ्या घ्या, फोडांना लोशन लावा, फोड झाकून ठेवा, खपल्या धरेपर्यंत बाहेर नाही. नातीची लस झालेली आहे, तरी तिला अंगाशी येऊ देऊ नका. आणि ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्यानं ह्या फोडांतल्या पाण्याला हात लावायचा नाही.

"अण्णा, मी बाबांना बोलावलंय," सून म्हणाली. "ते तुमचंही बघतील आणि भिंगरीलाही आणतील."

सरांनी मान हलवली. हलवण्यावाचून इलाज नव्हता.

सुनेचे बाबा, म्हणजे सरांचे व्याही, जन्मभर मालट्रक चालवलेला गडी. छातीवर रुळणारी पांढरी दाढी, आवाज असा की शेजारच्यांचं मांजर दचकून उठावं. सिगारेट आता सुटली होती, खोकला मात्र मागे राहिला होता. भिंगरी त्यांना ट्रकआजोबा म्हणायची. सरांना नुसतं आजोबा. नुसता आजोबा काय, कुणीही असतो.

व्याही आले ते दारातूनच सुरू झाले. सुनेनं विचारलं, "बाबा, तुम्हाला कांजिण्या झाल्या होत्या ना लहानपणी?"

"झाल्या होत्या म्हणजे. मरता मरता वाचलो."

आतल्या खोलीत सरांनी ते ऐकलं आणि भिंतीकडे कूस वळवली. एरवी त्यांनी असं उत्तर तसंच सोडलं नसतं. पहिल्या तासाला ते मुलांना एकच गोष्ट सांगायचे: रोगी रोगाचं नाव सांगेल. ते ऐका, पण मानू नका. नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठेवलेलं असतं. फोड आधी कुठे आले, कसे आले, किती खोल होते, ते विचारा. पण त्या दिवशी सरांना व्याह्यांना काहीही विचारायची इच्छा नव्हती. विचारलं असतं तर ते बोलले असते, आणि बोलले असते तर भिंगरी येऊन ऐकत बसली असती.

दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेतून आली ती उंबऱ्यावर उभी राहिली. आत यायची बंदी होती.

"आजोबा, बाईंनी सगळ्यांना एकेक विषय दिलाय बोलायला. मी विषाणू घेतला. तुम्हाला झालाय म्हणून. विषाणू म्हणजे काय?"

सर उशीला टेकून बसले. दुखणं पार पळालं. आयुष्यभर ह्या प्रश्नाची वाट पाहिली होती. घसा खाकरून म्हणाले, "पहिली गोष्ट, विषाणूंची घराणी असतात. आजारावरून ती ठरत नाहीत. विषाणूच्या पोटात हुकूमनामा कसला आहे ते बघायचं, डीएनए की आरएनए. मग तो एकपदरी की दुपदरी. मग बाहेरचं कवच कोणत्या आकाराचं, आणि त्याच्यावर आणखी एखादं वेष्टन आहे की..."

बोलताना सवयीनं त्यांची नजर भिंतीकडे गेली होती. वळून बघितलं तेव्हा उंबरा रिकामा होता.

थोड्या वेळानं बाहेरच्या खोलीतून व्याह्यांचा आवाज आला.

"समज, एक माणूस आहे. त्याला गाडी नाही, इंजिन नाही, हात नाहीत, पाय नाहीत. खिशात नुसता एक कागद."

"मग तो चालतो कसा?"

"चालतच नाही. रस्त्यात पडून असतो. कुणाच्या तरी चाकाला चिकटून गॅरेजपाशी पोचतो. आता प्रत्येक गॅरेजला कुलूप वेगळं. ह्याची किल्ली बसली तर हा आत, नाही बसली तर बसला बोंबलत बाहेर."

"बसली तर?"

"बसली तर कागद गेला मिस्त्रीच्या हातात. आणि मिस्त्री म्हणजे तुझ्या बापासारखा, लिहिलंय ना, मग करायचं. कागदावर काय लिहिलंय? माझ्यासारखे आणखी बनव. झालं. लोकांच्या गाड्या तशाच पडल्यात आणि मिस्त्री ह्याच्या नकला काढत बसलाय."

"आणि गॅरेज?"

"भरलं की फुटतं. सगळे बाहेर, शेजारच्या गॅरेजात. मग पोलीस सुटतात, ही धावपळ, सगळ्यांची इंजिनं गरम. तोच तुझा ताप. अर्धा त्रास चोराचा, अर्धा पोलिसांचा."

सर अंथरुणात ताठ बसले होते. एवढं सांगायला ते कितीतरी तास घेत, आणि परीक्षेत पोरं तरी ताप विषाणूच आणतो असं लिहीत. हा माणूस पेरू खाता खाता सांगून मोकळा झाला होता. चूक सापडावी म्हणून सर कान टवकारून बसले. कुठेतरी चुकेलच. ट्रक चालवलाय, विषाणू नाही.

"अशी त्याला पिल्लं होत राहतात," व्याही म्हणाले.

"पिल्लं नाही," सर आतून ओरडले. स्वतःच्या आवाजानं स्वतःच दचकले. "सुटे भाग वेगवेगळे बनतात. मग त्यांची जोडणी होते."

 व्याही भिंगरीला म्हणाले, "ऐकलंस? जोडणी. सर आहेत म्हणून बरं. नट-बोल्ट तपासायला माणूस लागतोच."

भिंगरी खुदखुदली. सरांनी डोक्यावरून चादर ओढून घेतली.

दुपारी व्याही लोशन घेऊन आले. ते नेहमी पूर्ण बाह्यांचा सदरा घालत, मनगटाशी गुंडी लावून. ड्रायव्हरच्या खिडकीतलं ऊन हाताला लागू नये म्हणून लागलेली सवय, असं ते सांगत. आज मात्र लोशन सांडून सदरा खराब झाला होता, तेव्हा त्यांनी बाह्या कोपरापर्यंत सारल्या. सर कुशीवर झोपले होते, समोर कपाटाचा आरसा. आरशात त्यांना आपली वरची कूस दिसत होती आणि तिच्यावरून फिरणारा व्याह्यांचा उघडा हात.

हातावर मनगटापासून वर खड्डेच खड्डे होते. गोल, खोल, कडा उचललेल्या.

 पहिल्यांदाच सरांनी व्याह्यांच्या चेहऱ्याकडे वैद्याच्या नजरेनं पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी त्या माणसाचं सगळं पाहिलं होतं, दाढी, दात, हसणं, भिंगरीला खांद्यावर घेणं. नाकाच्या शेंड्यावरचे बारीक खड्डे तेवढे पाहिले नव्हते. गाल दाढीत होते.

"हे डाग कशाचे?"

"तुमच्याच जातीचे की. कांजिण्या."

"सगळे फोड एकदम आले होते की आज दोन, उद्या चार?"

"एकदम. आधी ताप, कंबर मोडल्यासारखी दुखली, मग हे. कातडीखाली छर्रे भरल्यासारखे कडक."

"पोटावर?"

"पोटावर थोडेच. तोंडावर, हातांवर, तळपायांवर. तळपायांची सालं निघाली होती, आई उचलून फिरवायची." व्याही फुंकर घालत लोशन लावत होते. "धाकटी बहीण गेली त्यातच. दारात सरकारी माणसं आली होती, उचलून न्यायला. बापानं दार अडवलं, म्हणाला कांजिण्या आहेत, निघा. मग तेच नाव पडलं घरात."

सरांनी आरशातले ते खड्डे पुन्हा एकदा नीट पाहिले. 

त्या कांजिण्या नव्हत्या. त्या देवी होत्या.

सर शिकून बाहेर पडेपर्यंत देवीचा रोग जगातून हद्दपार झाला होता. तरी दरवर्षी ते तो धडा शिकवत. पडद्यावर एकच चित्र, कुठल्याशा अनोळखी पोराचा हात. देवीचा विषाणू विटेच्या आकाराचा, धिप्पाड. पेशीच्या अंगणातच आपला कारखाना थाटतो, केंद्रकाच्या आत पाऊल टाकत नाही. लुटतो, आणि रोगी जगलाच तर कायमचा निघून जातो. कांजिण्यांचा विषाणू अगदी दुसऱ्या घराण्यातला. तो केंद्रकात शिरतो, आणि फोड सुकले तरी जात नाही. मज्जातंतूच्या मुळाशी दबा धरून बसतो. म्हातारपणी अंगातला पहारा ढिला पडला की त्याच तंतूच्या वाटेनं कातडीवर येतो, आणि लोक म्हणतात नागीण झाली. वरून दोघांचे फोड पाहून लोक गफलत करतात, म्हणून सर फळ्यावर खडू आपटून सांगायचे, दिसण्यावर जाऊ नका.

आता तो पडद्यावरचा हात त्यांच्या पाठीवरून फिरत होता. आणि तो नेमका ह्याच माणसाचा निघावा! देवाघरचा न्याय म्हणतात तो हा. ज्यानं जन्मभर त्या रोगाचा अभ्यास केला त्याला चित्र, आणि ज्याला त्याचं नावही ठाऊक नाही त्याच्या अंगावर जगातले शेवटचे डाग. सरांच्या वाट्याला आला तो विषाणूही त्यांच्यासारखाच, कोपऱ्यात गप्प बसून राहिलेला.

हेव्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट ध्यानात आली. देवी झाल्या म्हणून कांजिण्यांपासून बचाव होत नाही. घराणं वेगळं, किल्ली वेगळी. म्हणजे व्याह्यांना कांजिण्या बहुधा कधी झाल्याच नव्हत्या, आणि ते आल्यापासून उघड्या हातांनी हे फोड पुसत होते. लस अजूनही देता आली असती. शिवल्यापासून पहिल्या काही दिवसांत दिली तर ती लागू पडते. सांगायला हवं होतं. लगेच.

"व्याहीबुवा," सर म्हणाले.

"बोला सर."

तेवढ्यात उंबऱ्यावरून भिंगरी म्हणाली, "ट्रकआजोबा, शाळेत तुम्हीच या ना माझ्याबरोबर. ते गॅरेजचं सांगायला."

"येतो की," व्याही म्हणाले. एकदा तरी नाही म्हणावं, सरांकडे बघावं, असं काही नाही. आमंत्रण आलं, माणूस निघाला.

"काय म्हणत होतात, सर?"

"काही नाही," सर म्हणाले. "पंखा कमी करा."

सांगितलं तर काय होईल, हे ते छताकडे बघत मनात मांडत राहिले. सांगितलं की व्याही देवीतून वाचलेला माणूस होणार. भिंगरी तो हात सगळ्या गल्लीला दाखवणार. आणि नाही सांगितलं तर? कदाचित काहीच होणार नाही. कदाचित दोन आठवड्यांनी ताप येईल, फोड येतील, लेक त्यांना सांभाळेल, आणि शाळेची वाट पुन्हा मोकळी होईल. हा विचार मनात आला तेव्हा सरांनी तो हाकलला नाही. बसू दिला. संध्याकाळी व्याही पुन्हा लोशन घेऊन आले, आणि सरांनी निमूट पाठ पुढे केली.

सकाळी व्याही भिंगरीचे बूट पुसत होते आणि गॅरेजची गोष्ट पुन्हा चालली होती. मध्येच त्यांना खोकला आला. थांबेचना. भिंगरी पाणी आणायला धावली. सर आत पडल्या पडल्या ऐकत होते, आणि त्या खोकल्यात त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, फळ्याकडे तोंड करून दरवर्षी एकाच सुरात म्हटलेलं वाक्य: कांजिण्या मोठ्या वयात झाल्या तर फुप्फुसात उतरू शकतात, विशेषतः विडी-सिगारेट ओढलेल्या माणसाच्या. परीक्षेला हमखास यायचं. पोरं तेवढं पाठ करायची.

सर उठले. पाठीला सदरा घासला तसे डोळ्यांत पाणी आलं. भिंगरी शाळेला गेली, व्याही तिला सोडून परत आले आणि चपला काढतायत तोच सर खोलीच्या दारात उभे.

"तिथेच थांबा. जवळ येऊ नका."

"का? फोड वाढले?"

"तुम्हाला कांजिण्या झालेल्या नाहीत. तुम्हाला देवी झाल्या होत्या."

मग सरांनी सगळं सांगितलं. फोड कुठे असले म्हणजे काय, एकदम आले म्हणजे काय, कांजिण्यांच्या खपल्या एवढे खड्डे सहसा पाडत नाहीत, लस कधीपर्यंत चालते, छातीला धोका काय. फळा नव्हता, त्यामुळे माणसाकडे तोंड करूनच सांगावं लागलं. व्याही चपलेच्या स्टँडवर टेकले. बराच वेळ आपला हात उलटसुलट करून बघत राहिले.

"म्हणजे माझी धाकटी, छबी, देवीनं गेली."

"हो."

"आई म्हणायची, कांजिण्यांनी कुणी मरतं का, माझीच काही कसूर झाली असेल. मरेपर्यंत म्हणायची."

"तिची कसूर नव्हती. त्या रोगावर तेव्हा औषधच नव्हतं. फार लोक जायचे."

व्याह्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग सरांकडे बघितलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"काल."

"काल कधी? संध्याकाळच्या लोशनच्या आधी की नंतर?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. पण जन्मभर तो सराव केला नव्हता. "आधी," ते म्हणाले.

व्याह्यांनी बाही खाली ओढून मनगटाशी गुंडी लावली. 

"एकदा," व्याही म्हणाले, "घाटात माझ्या पुढच्या गाडीचं मागचं चाक ढिलं होतं. मला दिसत होतं. हॉर्न वाजवायला हवा होता. मी नाही वाजवला. वळणं दोन गेली, तीन गेली. त्यानं खाली धाब्यापाशी मला कट मारला होता ना."

"मग?"

"मग वाजवला. उशिरा वाजवला, पण वाजवला." ते उठले. "शाळेचंच ना? मी येतो की म्हणालो, तेव्हा तुमचं तोंड आरशात बघितलं होतं मी. अहो, तुम्ही नुसतं म्हणायचं होतं, शाळेत मी येतो. मी काय, गॅरेजवाला, मी बसलो असतो गप्प."

"नसता बसलात."

"नसतो बसलो," व्याह्यांनी कबूल केलं. "कुठाय ती तुमची डॉक्टरीण?"

डॉक्टरणीनं रक्त तपासलं. कांजिण्या कधीकाळी होऊन गेल्याची खूण रक्तात नव्हती. निकालाची वाट न बघता तिनं लस त्याआधीच देऊन टाकली होती. व्याह्यांच्या हाताकडे बघून ती खुर्चीवरून उठलीच. "हा तर सरांच्या स्लाइडमधला हात," म्हणाली आणि दवाखान्यातल्या सगळ्या नवशिक्या डॉक्टरांना बोलावून आणलं. व्याह्यांनी दोन्ही बाह्या सारून त्यांना घाटातल्या दोन गोष्टीसुद्धा सांगितल्या. सरांना हे सगळं सुनेकडून कळलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाणी मागितलं.

एक अट मात्र निघाली. लस दिली तरी फोड येतात की काय हे कळेपर्यंत व्याह्यांनी गर्दीत, पोराबाळांच्या शाळेत जायचं नाही. आणि सरांच्या फोडांवर तोवर खपल्या धरल्या होत्या.

तेव्हा भिंगरीच्या भाषणाला सर गेले. गॅरेजचं भिंगरीनं स्वतःच सांगितलं, झक्कास, पोलिसांसकट, आणि जोडणीसुद्धा विसरली नाही. मग तिनं पिशवीतून एक मोठा फोटो काढला. ट्रकआजोबांचा हात, तिनंच आईच्या मोबाइलवर काढलेला.

"हे आता माझे आजोबा सांगतील," ती म्हणाली.

सर उभे राहिले. मागे वळून फळा शोधला. फळ्यावर कालची गणितं होती. मग त्यांनी फोटो हातात धरला आणि मुलांकडे बघितलं. पुन्हा एकदा चित्र. पण ह्या वेळी त्यांना त्या हाताचा माणूस माहीत होता. त्यांनी देवीचं सांगितलं, विटेच्या आकाराचा तो विषाणू, लोकांनी घरोघर जाऊन लस टोचली आणि तो जगातून कसा घालवला. एक बहीण होती तिचंही सांगितलं, थोडक्यात. डबा कुणी उघडला नाही.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "तुम्ही हा हात खरा बघितलाय?"

"बघितलाय. आमच्या घरात आहे. माझे व्याही आहेत ते." सरांचा आवाज थोडा चढला होता.

"तुम्हाला पण झाल्या होत्या का देवी?"

"नाही. मला कांजिण्या."

"कांजिण्या तर मला पण झाल्या होत्या," मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. टाळ्या फोटोला पडल्या. भिंगरीनं तो उंच धरला होता.

घरी जाताना नेहमीची वाट होती. भिंगरी एका हातात फोटो आणि एका हातात आजोबांचं बोट घेऊन उड्या मारत होती.

"आजोबा, ट्रकआजोबांचा विषाणू गेला ना?"

"केव्हाच."

"आणि तुमचा?"

"माझा आत आहे. झोपतो आता."

"कायमचा?"

"कायमचा."

भिंगरी थांबली. स्वस्थ उभी राहिली, म्हणजे विचार मोठा होता. "म्हणजे तुमच्याकडे खरा आहे. ट्रकआजोबांकडे नुसते खड्डे."

सर हसले नाहीत, पण चाल जरा बदलली. हे व्याह्यांना मुळीच सांगायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं. एक बहीण गेलेली, लस घेऊन घरात कोंडलेला माणूस; त्याला काय हे ऐकवायचं. घराचं फाटक दिसेपर्यंत त्यांचा निश्चय टिकला होता. फाटकाशी व्याही बाह्या सारून उभेच होते.